अॅम्प्लिफायरवरची मखमल

सासरे गेले तेव्हा त्यांच्या जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरवर त्यांचाच फोटो ठेवला गेला. खाली लाल मखमल, वर फोटो, फोटोला झेंडूचा हार, बाजूला उदबत्ती. पांढुर्ण्याच्या आमच्या घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. याच मशीनवर त्यांनी जन्मभर गावोगावची भजनं वाजवली होती.

त्यानंतर मशीन पहिल्यांदा बंद पडली तेव्हा फ्यूज उडाला. दुसऱ्यांदा जळका वास आला. नागपूरहून आलेल्या मेकॅनिकने मखमल बाजूला सारून मशीन पाहिली, म्हातारी झाली, विकून टाका, असं सांगितलं आणि मखमल पुन्हा नीट पांघरून गेला. दिरांनी गिऱ्हाईकही शोधलं. वर्षश्राद्धाच्या भजनात पुन्हा बंद पडली तर मशीन जाणार, असं ठरलं.

मला ते मान्य नव्हतं. चांगली वस्तू चुकीच्या कारणाने घराबाहेर का जावी? सासरे दुरुस्ती करत तेव्हा टॉर्च मीच धरायची. व्हॉल्व्ह तापणारच, त्याशिवाय तो काम करत नाही. फक्त ती गरम हवा वरच्या जाळीतून निघून गेली पाहिजे. आम्ही ती जाळीच श्रद्धेने बुजवली होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी प्लग काढला आणि सगळं उतरवलं. जाळीतून धूळ आणि उदबत्तीची राख निघाली. मशीन भिंतीपासून पुढे ओढली, खाली लाकडी ठोकळे दिले, मागे जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

दीर दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, हे काय करून राहिल्या? बाबाचा फोटो खाली ठेवला?"

"भिंतीवर लावून राहिली, भाऊजी. खिळा आणा."

"त्यायच्या मशीनवर त्यायचा फोटो नाई शोभत का?"

"जिवंतपणी त्यांनी यावर चहाचा कप ठेवू दिला होता का कोणाला?"

खिळा आला. सासूबाई मात्र कुरकुरल्या, "पोरी, लोकं म्हणतील, मशीन उघडीच ठेवली."

"म्हणू द्या, आई."

दुसऱ्या दिवशी रामाकोना गावचं भजनी मंडळ आलं. मी मशीनजवळच बसले. व्हॉल्व्हमधली तार नारंगी दिसली तर ठीक, पण तिच्याभोवतीचा पत्रा लाल होऊ लागला की त्या क्षणी बटन बंद करायचं, हे सासऱ्यांनी शिकवलेलं. पत्रा काळाच होता.

भजन रंगात आलं तेव्हा मंडळाचे म्होरके उठले. सासऱ्यांचा सत्कार म्हणून त्यांनी एक जाड शाल काढली आणि सगळ्यांसमोर मशीनला पांघरली. वर नारळ ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले, नारळ उचलला, शाल काढली. टाळ्या थांबल्या.

"बाई, मान आहे तो," म्होरके म्हणाले.

"मान आईंना द्या. मशीनला हवा लागते." शाल मी सासूबाईंच्या खांद्यावर घातली, नारळ त्यांच्या हातात दिला. मागून एक बाई पुटपुटली, "लयच आगाऊ आहे सून." ऐकू आलं. मी पुन्हा मशीनजवळ बसले.

आरतीपर्यंत आवाज एकदाही चिरकला नाही. मंडळी जेवायला उठली तेव्हा दिरांनी मागच्या ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर हात ठेवला आणि चटका बसेना म्हणून बराच वेळ तसाच राहू दिला.

"गिऱ्हाइकाले काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, वाजून राहिली."