मावशींची एक ते तीनची ड्युटी

सबंध सुरतेत झोपेत सर्वांत जास्त काम कोण करतं, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या घरमालकीण मावशींचं नाव घेईन. म्हणजे, घेणार नाही. नाव छापून आलं की नको ती माणसं स्वप्नात घुसतात, अशी त्यांची धास्ती आहे, आणि स्वप्नांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी छाती नाही. डिंडोलीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी आणि बायको भाड्याने राहतो. मी साताऱ्याकडचा, इथल्या मराठी शाळेत सकाळी शिकवतो आणि दुपारी एकच्या सुमारास घरी येतो. मावशी खानदेशातल्या. लग्न होऊन सुरतेत आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचे यजमान उधन्याला लूमवर कापड विणायचे; काही वर्षांपूर्वी ते गेले. मावशी साठीच्या पुढच्या, अंगाने काटक, आणि आवाज असा की त्या खाली स्वतःच्या कुकरवर रागावल्या तर वर आमच्या कुकरची शिट्टी बसते. जेवणं आटोपून भांडी घासून झाली की त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन जाहीर करतात, "सर, एक ते तीन माझी ड्युटी आहे. चपला वाजवायच्या नाहीत." ड्युटी म्हणजे झोप. पण तिला झोप म्हटलेलं त्यांना खपत नाही.

बाकीच्यांना स्वप्नं पडतात, मावशी ती पाडतात. हा नाद त्यांना मोबाईलमुळे लागला. लोणच्याच्या कृती बघता बघता एकदा त्यांना एक बाई भेटली, ती सांगत होती की आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच ओळखता आलं, तर पुढचं सगळं आपल्या मनासारखं करता येतं. लोणचं राहिलं बाजूला. त्याच दुपारी मावशी धापा टाकत वर आल्या, डोळे लहान मुलासारखे चमकत होते. "सर, हे खरं आहे का हो? म्हनजे झोपेत पन आपलंच राज्य?" मी मास्तर माणूस, नाही म्हणायची सवय नाही. असेल असेल, म्हणालो. त्या 'असेल'ची फळं आम्ही दोघं नवराबायको आजतागायत खातो आहोत.

त्या बाईने सांगितलं होतं की दिवसातून अनेकदा स्वतःला विचारायचं, मी जागी आहे की स्वप्नात? आणि खात्री करायला नाक दाबून श्वास घ्यायचा. श्वास आला तर स्वप्न, गुदमरलो तर जागेपण. ही परीक्षा मावशींनी अशी मनावर घेतली की डिंडोलीत त्यांनी नाक दाबलं नाही अशी जागा उरली नाही. हळदीकुंकवात दाबलं, लग्नाच्या पंगतीत दाबलं, आमच्या मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना पहिल्या रांगेत बसून दाबलं. भाजीबाजारात पापडीचा भाव ऐकून त्यांना हे स्वप्नच असणार असं वाटलं, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे नाक धरलं. भाजीवाल्याचा चेहरा पडला. "मासी, ताजुं छे, नाक शुं काम पकडो छो?" असं म्हणत त्याने बिचाऱ्याने टोपलीतली पापडी मूठमूठ स्वतः हुंगून दाखवली. शेवटी, हा माणूस जागेपणीच एवढा भाव सांगतोय, असा निर्वाळा देऊन मावशी पुढे सरकल्या.

जेवणाचेही प्रयोग झाले. रात्रीचं त्यांना काही लागत नाही, त्यांचा सगळा भर दुपारच्या ताटावर. कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं तर गावाकडचं स्वप्न पडतं, इथला वाफवलेल्या डाळीचा लोचो खाल्ला तर सुरतेतलं, आणि शेवभाजी जास्त तिखट झाली तर पळापळीचं, असा त्यांचा अनुभव. लोचो आणि भरीत एकदम खाऊन पाहिलं तेव्हा म्हणे गावच्या मारुतीच्या पारावर सगळी भावकी गुजरातीत भांडत होती.

आणि एके दिवशी जमलं! भर स्वप्नात मावशींनी नाक दाबलं आणि श्वास आला. तीन वाजता त्यांनी जिना असा चढला की आम्हाला वाटलं भूकंप झाला. मोबाईलवरची माणसं अशा वेळी आकाशात उडतात, समुद्रावरून चालतात. मी उत्सुकतेने विचारलं, "काय केलंत मावशी?" त्या म्हणाल्या, "आधी झाडून काढलं. कोन जाने कोनाचं घर होतं, पन केवढा तो कचरा!" दुसऱ्या खेपेला मात्र त्यांनी आपल्या नणंदेला स्वप्नात बोलावून घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि लग्नापासूनचं जे जे पोटात होतं ते सगळं ऐकवलं. पोट रिकामं झाल्यावर त्या खऱ्या नणंदेशी फोनवर इतकं गोड बोलायला लागल्या, की ती बाई घाबरली. तिने मला फोन करून हळूच विचारलं, "वहिनीची तब्येत बरी आहे ना, सर?"

मग मावशींनी शिष्य करायला सुरुवात केली, आणि पहिला शिष्य घरचाच सापडला. मला वर्षानुवर्षं एकच स्वप्न पडायचं. वर्गावर तपासणीला मोठे साहेब येतात आणि माझ्या अंगावर फक्त टॉवेल असतो. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, टॉवेलचा रंगसुद्धा विचारला. "पळू नका," त्या म्हणाल्या, "साहेबाला खुर्ची द्या अन् चहा घेनार का विचारा. टॉवेलकडे तुम्ही पाह्यलं नाही तर तोही पाहनार नाही." तुम्ही विश्वास ठेवा वा ठेवू नका, त्या आठवड्यात मी नुसत्या टॉवेलवर साहेबांना चहा पाजला आणि साहेब अक्षराबद्दल माझं कौतुक करून गेले. सकाळी मी बायकोला हे इतक्या आनंदाने सांगितलं, की तिला आधी बढतीच झाली असं वाटलं.

पण या सगळ्या उड्या कशासाठी चालल्या होत्या, हे आम्हाला कळलं ते चटणीमुळे. मध्यंतरी खाली रोज मिक्सर फिरायला लागला. घुर्र करून चालू, खट्कन बंद, मग अगदी शांत. पुन्हा चालू, पुन्हा बंद. आणि रोज संध्याकाळी वर एक वाटी चटणी. शेंगदाण्याची आली, खोबऱ्याची आली, कारळ्याची, जवसाची आली, शेवटी कशाची ते विचारायचं आम्ही सोडून दिलं. शाळेत माझ्या डब्याला लोक चटणीचं कपाट म्हणायला लागले. अखेर बायको खाली जाऊन म्हणाली, "मावशी, आता पुरे हो, तोंड आलंय दोघांचं." तिच्या मागोमाग मीही गेलो. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या, हात मिक्सरच्या बटणावर. त्या ओशाळल्या.

"चटनी नाही करत मी," त्या म्हणाल्या. "लूम बंद करायची सवय करते आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्या रोज दुपारी यजमानांचा डबा घेऊन उधन्याच्या कारखान्यात जायच्या. तिथे इतकी लूम एकदम चालतात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांच्या खुणांनी बोलतात. या दोघांचा सगळा संसार खुणांवर चालायचा. मीठ जास्त झालं, पाहुणे आलेत, लवकर ये, सगळ्याला खूण होती. शेवटच्या दिवशीही मावशी डबा घेऊन गेल्या. यजमानांच्या एका हातात डबा आला, दुसऱ्या हातात सुताची कांडी होती, खुणेला हात मोकळा नव्हता. म्हणून ते तोंडाने काहीतरी बोलले. लूमच्या खडखडाटात मावशींना एक अक्षर ऐकू आलं नाही. घरी आल्यावर विचारू, असं म्हणून त्यांनी नुसती मान हलवली आणि निघून आल्या. संध्याकाळी घरी येताना वाटेतच यजमानांचं हृदय बंद पडलं.

"मी कसाले हो म्हनी, तेच माले माहीत नही," मावशी म्हणाल्या. कधी नव्हे ती घरची अहिराणी आमच्यासमोर त्यांच्या तोंडून आली. "ते स्वप्नात येतात, सर. रोज येतात. तसेच उभे, हातात डबा, अन् बोलतात. पन ते मेलं लूम चालूच. मी नाक दाबते, मला कळतं हे स्वप्न आहे, हात पुढे नेते, अन् बटनच सापडत नाही. एकदा का बंद झालं, की ऐकू येईल."

माझी बायको डोळे पुसत होती. मी मास्तर असल्यामुळे माझ्या डोक्यात एक शहाणपणाची गोष्ट येऊन गेली, की जे मावशींना जागेपणी माहीत नाही ते स्वप्नाला कुठून माहीत असणार? पण तोंडापर्यंत आलेलं ते मी गिळलं. उलट खाली वाकून म्हणालो, "मावशी, बटण डाव्या हाताला होतं की उजव्या? तसा मिक्सर ठेवू." त्यानंतर दुपारी एक ते तीन आम्हीसुद्धा घरात पाय न वाजवता चालायला लागलो. बायकोने तर कपडे धुण्याची वेळ बदलली. काय सांगू, निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडे डोळे लावून बसतात तसे आम्ही रोज तीन वाजता खाली कान लावून बसायचो. खालचं दार उघडलं की आम्ही दोघं जिन्यात. मावशी वर बघून मान हलवायच्या, नाही, आजही नाही.

आणि मग एका दुपारी, तीन वाजायच्या कितीतरी आधी, दार धाडकन उघडलं. मावशी ड्युटी सोडून, पदर न सावरता, अनवाणी जिना चढत होत्या आणि अर्ध्या जिन्यापासूनच ओरडत होत्या, "बंद झालं! सर, बंद झालं! या हातानं बंद केलं!"

मी ताटावरून तसाच उठलो. बायकोने त्यांना धरून खुर्चीवर बसवलं. त्यांचा तो उजवा हात अजून हवेतच होता.

"सगळं शांत झालं. असं शांत, की डब्याची कडी वाजली ती ऐकू आली मला."

"आणि ते? काय म्हणाले?" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

मावशींनी श्वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि आपल्या त्या दांडग्या आवाजात यजमानांचा आवाज काढला. "लूम कोना बापनी बंद कया? पट्टा पडी जाई ना कापडवर! चालू कर, चालू कर!"

लूम मध्येच थांबलं की विणलेल्या कापडावर आडवी रेघ उमटते आणि माल वाया जातो, एवढं आता मलाही माहीत झालं होतं. मग मावशीच हसायला लागल्या. पोट धरून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "मरून इतकी वर्षं झाली, अन् मानसाला कापडाची काळजी! पन आवाज तोच हो, सर. तोच. रागावले माझ्यावर!"

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? केलं चालू." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मग ते परत काहीतरी बोलले. आता हसून बोलले. ऐकू नाही आलं काही. मी आपली मान हलवली."

त्या दिवसापासून खालचा मिक्सर गप्प आहे, चटणी फक्त सणावाराला येते. भाजीबाजारात मावशी आता नाक दाबत नाहीत, नुसती घासाघीस करतात. एक ते तीनची ड्युटी मात्र चुकलेली नाही. आता तिथे काय करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही. बसते जरा त्यांच्याजवळ, जेवन होईस्तोवर." शाळेतून यायला एक वाजून गेला, की त्यांच्या दाराला आतून कडी असते. मी पहिल्या पायरीशी थांबतो, चपला काढून हातात घेतो आणि वर जातो.