हिरेमठ सर आणि न उघडायची फाइल

हिरेमठ सरांनी मला एकदा भर ऑफिसात रडवलं होतं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. म्हणून हे सांगून टाकते.

आमचं सोलापुरातलं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस. सात माणसं आणि एक कुरकुरणारा कूलर. सर सगळ्यात सीनियर. गाव दुधनी. घरी कन्नड, ऑफिसात मराठी, आणि कॉम्प्युटरवर चिडले की दोन्ही.

माणसाला नावानं हाक मारायची त्यांना सवयच नव्हती. गावानं मारायचे. होटगीहून येणारे आमचे अकाउंटंट म्हणजे "होटगी". मी "माढा".

"ए माढा, च्या सांगितलास का?"

मी नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम चालू होतं. रक्ताच्या प्रत्येक नमुन्याला एक नंबर. तो नंबर सांभाळणारा क्लास सरांनी लिहिलेला, आणि त्याच्यावर त्यांनी 'फायनल' लिहून ठेवलेलं.

ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांच्यासाठी: क्लास म्हणजे साचा. एका साच्यावरून, आपली भर घालून, दुसरा साचा काढता येतो. पण वर 'फायनल' लिहिलं की तो रस्ता बंद.

लॅबवाल्यांना हवं होतं एवढंच, की नमुना दुसऱ्यांदा घेतला तर नंबरापुढे R लागावा.

मी काय केलं? 'फायनल' हा शब्द पुसून टाकला. एक बटण. त्या क्लासवरून माझा क्लास काढला, R लावला. सगळं झकास चाललं. मी स्वतःवर जाम खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमधून फोन.

एका आजींची शुगर काल खूप वाढलेली होती. आज पुन्हा रक्त घेतलं तर एकदम खाली आलेली. रिपोर्टवर मात्र कालचाच आकडा. माझ्या क्लासमध्ये दोन नंबर ताडून बघताना R कडे लक्षच दिलं जात नव्हतं. त्यामुळे कालचा नमुना आणि आजचा नमुना कॉम्प्युटरला एकच वाटत होता.

तो आकडा बघून आजींना इन्सुलिन दिलं असतं तर?

लॅबमधल्या ताईंना शंका आली म्हणून निभावलं.

सरांनी फोन माझ्याकडून घेतला. "चूक आमची हाय मॅडम. रिपोर्ट देऊ नका. अर्ध्या तासात नीट करतो." 'आमची' म्हणाले. 'तिची' नाही.

आधी सगळं पहिल्यासारखं केलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"फायनल का लिवलंय, इचारलीस का मला?"

"नाही सर."

"मी कुटं बसतोय?"

"...तिथं."

"चार खुर्च्या सोडून बसतोय की! दुधनीला न्हाय गेलो." मग आवाज चढला. "ज्यानं दार लावलंय त्यानं कायतरी बघून लावलं असंल, एवढं पण डोक्यात येत न्हाय?"

मी रडले. सगळ्यांदेखत. होटगी पाण्याची बाटली घेऊन आले, तर सर त्यांच्यावर पण ओरडले.

जेवणाच्या सुट्टीत मी जागेवरून उठलेच नाही. सर आपला डबा घेऊन आले. डब्यात नेहमीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"ही वाकव."

मी वाकवली. कडाकडा मोडली.

"मग कशी खातो आपण? तिला न वाकवता, वर चटणी ठिवून. हितं पण तसंच. माझा क्लास हाय तसा राहू दे. तू तुझा नवा क्लास लिव आणि माझा त्याच्या पोटात ठेव. नंबर पायजे तवा आतल्याला इचार. R काय असंल ते तुझ्याकडं, बाहेर."

मोडलेली भाकरी दोघांनी खाल्ली. संध्याकाळी पाचला माझा नवा क्लास चालू झाला. दोन नमुने आता दोन दिसत होते. सरांच्या क्लासमधल्या एका अक्षरालाही धक्का लावावा लागला नव्हता.

निघताना फक्त एवढंच म्हणाले, "माझ्या त्या फाइलीला आता हात लावायचा न्हाय."

मी नाही लावला. लावायची गरजही पडली नाही. पण ते वाक्य सलत राहिलं. पुढं वर्षानुवर्षं माझी ओळ न् ओळ ते तपासायचे. मला वाटायचं, त्या एका दिवशी सरांचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

सर रिटायर होऊन दुधनीला गेले तेव्हा मी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून उभी होते. "येतो गं माढा," म्हणाले आणि गेले.

मग गेल्या वर्षी ती बातमी आली.

परवा आमच्याकडे नवीन लागलेली अनुषा माझ्या टेबलापाशी आली. लॅबला आता नंबरापुढे अजून एक खूण हवी आहे.

"मॅडम, हे फायनल काढू का?"

माझ्या तोंडून सरच बोलले. "का लावलंय, ते विचारलंस का कुणाला?"

"तेच विचारायला आले. वर तुमचंच नाव लिहिलंय."

मी तिच्या स्क्रीनकडे गेले. त्या दिवसानंतर सरांची फाइल पहिल्यांदाच बघत होते. 'फायनल'च्या वर एक ओळ होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी:

'हा क्लास उघडू नका. का, ते रेश्माला विचारा. तिला ठाऊक आहे.'

रेश्मा. माढा नाही.

कोणती ओळ कधी लिहिली याची नोंद आमच्याकडे राहते. मी तारीख काढून बघितली.

मला रडवलं त्याच दिवसाची. संध्याकाळी साडेपाचची.

मी हसले, आणि पुन्हा एकदा भर ऑफिसात रडले. अनुषा बिचारी घाबरली. मग तिला खुर्ची ओढायला लावली, आणि पोटात ठेवायची युक्ती पहिल्यापासून शिकवली. आज डब्यात कडक भाकरी आणली होती. तिलाही मोडायला लावली.

सर, फाइल तुम्ही ठेवली होती तशीच आहे. कुणी विचारलं तर मी सांगते.

मनापासून नमस्कार.

तुमची माढा