आबांनी सभेत उच्चारलेला शब्द

अक्का, आम्ही गाव सोडलं तेव्हा तू चकलांब्याला सासरी होतीस, म्हणून तुला काहीच दिसलं नाही. केजच्या जीपमध्ये आबा माझ्या खांद्यावर पडले होते. जबडा माझ्या ओढणीनं बांधलेला, नि त्यातून रक्त झिरपत होतं. बाकीची माणसं खिडकीबाहेर बघत होती.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तो शब्द आबांना मीच शिकवला होता. दहावीचं नागरिकशास्त्र मी मोठ्यानं वाचायचे. नागरिक म्हणजे नगरात राहणारा का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही आबा, मेंढरं राखणाराही नागरिकच. त्यांना ते लई आवडलं.

पुढं गायरान खडी क्रशरला द्यायचं ठरलं, तेव्हा ग्रामसभेत आबा उभे राहिले. मी नागरिक आहे, माझी हरकत लिहून घ्या, म्हणाले. लोक हसले. सरपंचाचा पुतण्या हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गायरानाच्या माळावर गेले, तर तो आणि आणखी दोघं आबांना लोखंडी पाइपांनी मारत होते. दोन मेंढ्या डोकी फुटून पडल्या होत्या.

"नागरिक हाईस का बे?" पुतण्या म्हणाला. "मंग नगरात जाऊन मर."

त्यानं पाइप तोंडावरच घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी धोंडा उचलून फेकला, त्याचं कपाळ फुटलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. बाकीचे दोघं त्याला धरायला गेले, तेवढ्यात मी आबांना ओढत रस्त्यावर आणून जीपमध्ये घातलं. केजला तक्रार दिली, मलमपट्टी केली आणि तिथूनच पुण्याची एसटी धरली. गावात कुणी जिवंत ठेवलं नसतं.

पुण्यात मी नर्स झाले. इथं हा शब्द बसच्या सीटवरही लिहिलेला असतो. 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलेल्या जागेवर कंडक्टरनं आबांना पहिल्यांदा बसवलं, तेव्हा ते वाकड्या जबड्यानं हसले, मग स्टॉप येईपर्यंत रडत राहिले.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, केजच्या कोर्टात त्या मारहाणीच्या खटल्यात आबांची साक्ष झाली. ते तिघं समोरच बसलेले. त्यांच्या वकिलानं विचारलं, तुम्ही पुण्याचे रहिवासी, गायरानाशी तुमचा काय संबंध?

आबा सावकाश म्हणाले, "राहतो पुण्यात, सायेब. पर मी आपल्या मनानं गेलो न्हाई. हाणून गावाभाईर काढलं मला."

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल अजून बाकी आहे. कोर्टातून आबा थेट त्याच माळावर जाऊन बसले. क्रशर चालू होता, धुळीनं काही दिसत नव्हतं. तिथल्या वॉचमननं उठायला सांगितलं तरी ते उठले नाहीत. मीही शेजारी बसले. अक्का, घर कुठलं असं कुणी विचारलं, तर आता मी तीच जागा सांगते.