अंधेरीहून येणारे निरोप

"नेमके शब्द सांग गं. अर्थ मी लावते."

चष्मा कपाळावर सरकवून, माझ्या दाराच्या चौकटीला खांदा लावून त्या असं म्हणाल्या, की मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला आमच्या समोरच्या दारात त्या आणि त्यांची आई राहायच्या. चाळिशीच्या, लग्न न केलेल्या, इंजिनियर. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, त्यांना ताई म्हणायचे. मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता, त्यामुळे सगळ्यांचे निरोप माझ्याच तोंडून जायचे.

संशय हा त्यांचा स्वभावच. मी पहिल्यांदा शिऱ्याची वाटी घेऊन गेले, तेव्हा वाटीला हात न लावता त्यांनी विचारलं, "काय काम होतं?" भाजीवाल्याला तराजू आधी रिकामा धरायला लावायच्या. पावाची लादी उलटी करून बघायच्या. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असं एखादं माणूस असेलच. आपण त्याला खडूस म्हणतो आणि मोकळे होतो. मीही म्हटलं होतं.

मग एकदा त्यांनीच सांगितलं. भांडुपच्या एका कारखान्यात त्या कामाला होत्या. हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांशेजारी उभं राहायचं आणि कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते टिपायचं.

"मी उभी राहिले की माणूस हळू होतो. मी वळले की सरसर. वर्षानुवर्षं हेच बघतेय. मग तूच सांग, कोण कुणाशी खरं वागतं?"

त्या कारखान्यातली मशिनं एकेक करून गुजरातला हलायला लागली, तेव्हा ताईंनी दुसरी नोकरी शोधायला घेतली. कारखान्यांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत जागा होती. पण कंपनीचं नाव कुणी सांगेना. मधे अंधेरीचा एक एजंट होता, नोकऱ्या लावून देणारा. त्याला ताईंनी आमचा नंबर दिला.

पहिला फोन आला. आवाज गोड. "मॅडमना सांगा, क्लायंट इंटरेस्टेड आहे. तयार राहा."

"कशाला तयार?" ताईंनी विचारलं.

"ते नाही म्हणाले."

"'फार इंटरेस्टेड' की नुसतंच 'इंटरेस्टेड'?"

"नुसतंच."

"बोलताना हसला?"

"थोडासा."

"मग फसवतोय."

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. ताईंनी आमच्याकडून फोन केला, तर साहेब बाहेर गेलेले. मग कधीतरी "विचार चालू आहे." मग "थोडं थांबलंय, पण निगेटिव्ह समजू नका." दर निरोपाला माझी उलटतपासणी. आमचे हे तर म्हणायला लागले, "तू आता टेपरेकॉर्डरच घेऊन बस."

ताईंच्या मनात मात्र भलतंच शिरलं होतं. हा बिननावाचा क्लायंट म्हणजे त्यांचीच कंपनी नसेल ना? कोण पळायच्या तयारीत आहे ते काढून घ्यायचं आणि आधी त्यालाच घरी बसवायचं. मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांची आई, म्हणजे आमच्या आजी, जिन्यात मला म्हणाल्या, "धड जेवत नाही गं. ताटातला भात नुसता चिवडत बसते."

आणि मग तो फोन आला. "मॅडमच्या घरी कोण कोण असतं? आई फार म्हातारी आहे का?"

"ते त्यांनाच विचारा," म्हणून मी फोन ठेवला आणि ताईंना शब्दन् शब्द सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

"तू काय सांगितलंस?"

"काहीच नाही."

"नक्की? आधीच्या फोनला काही बोलली असशील. तुला गप्पा मारायची सवय आहे."

मला ते फार लागलं. "उद्यापासून तुमचे फोन तुम्हीच घ्या," म्हटलं आणि दार लावलं. मग जिन्यात समोरासमोर आलो की दोघी भिंतीकडे बघायचो.

एका शनिवारी बेल वाजली. स्टार्च केलेली साडी, खांद्याला पर्स. "अंधेरीला जातेय. त्याच्या तोंडावर विचारणार. येतेस?"

"मी कशाला?"

"माझ्या एकटीच्या कानांवर आता माझाच भरवसा राहिला नाही गं."

सॉरी म्हणाल्या नाहीत. पण मी चपला घातल्या.

घाटकोपरहून बस धरली. बसमध्ये म्हणाल्या, "बोर्डसुद्धा नसेल बघ. एक टेबल असेल आणि पळायला मागचं दार."

बोर्ड होता. मिठाईच्या दुकानावर, प्लायवूडचं पार्टिशन घातलेली खोली. आत पन्नाशीचा एक घामेजलेला माणूस डबा खात बसला होता. ताईंनी नाव सांगितल्यावर तो घास हातात धरूनच उभा राहिला.

"क्लायंट नेमकं काय म्हणाला?" ताईंनी विचारलं.

"मॅडम, खरं सांगू? मलाच काही सांगत नाहीत हो. ते 'बघू' म्हणतात, मी त्याचं 'इंटरेस्टेड' करतो. नाहीतर माणसं दुसरीकडे जातात, मग मी काय करू?"

"आणि माझ्या आईची चौकशी?"

तो डब्यात बघायला लागला. "त्यांनीच सांगितलं विचारायला. काम फिरतीचं आहे. कुठल्या कुठल्या कारखान्यांत महिनामहिना राहायचं. बाईमाणूस, घरात म्हातारी आई... तुम्हाला कसं विचारायचं, म्हणून शेजारी विचारलं."

"फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं हात धुतले आणि नंबर फिरवला. ताईंनी रिसीव्हर त्याच्या हातातून घेतला.

"जिच्या आईची चौकशी चाललीय ना, ती मी बोलतेय. फिरायला मी तयार आहे. आईचं मी बघीन. आता तुमचं सांगा. मला भेटणार की नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

पलीकडे कुणीतरी बराच वेळ बोललं. शेवटी ताई म्हणाल्या, "मंगळवारी येते," आणि फोन ठेवला. कंपनीचं नाव कळलं होतं. त्यांच्या कारखान्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला. खाली आल्यावर म्हणाल्या, "अगं, आईला मी अजून विचारलेलंच नाही."

घरी जाऊन विचारलं, तेव्हा आजी म्हणाल्या, "जा की! मी काय पळून जातेय?"

नोकरी मिळाली. पहिलं काम सांगलीकडच्या कारखान्यात. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी घराची एक किल्ली माझ्या हातात दिली. "रोज डोकावशील ना?" मी सूचनांची वाट बघत उभी राहिले. पण सूचना आल्याच नाहीत. बॅग उचलून त्या खाली गेल्या.

दोन-तीन वर्षांनी त्या आईला घेऊन नाशिकला गेल्या. काही दिवस दिवाळीला कार्ड यायचं, मग तेही थांबलं. मला मात्र ताई सांगलीला निघाल्या त्या सकाळची गॅलरी आठवते. आजी कठड्याला टेकून हात हलवत होत्या. नजर अधू, रिक्षा केव्हाच वळून गेलेली. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या शेजारी उभी राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत मीही हात हलवत राहिले.