नळाला घातलेला स्वेटर

पाद्रीसाहेबांच्या बायकोला सगळं गाव कात्रीबाई म्हणायचं. त्यात हातातल्या कात्रीचा वाटा किती आणि जिभेचा किती, यावर गावात दोन मतं होती. केस मात्र त्या फार सुरेख कापायच्या. लग्नाआधी वडिलांच्या सलूनमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली होती. तिथेच एक दिवस एक काटकुळा तरुण खुर्चीत येऊन बसला आणि देवाच्या राज्याविषयी बोलायला लागला. बोलताना मान इतकी हलवायचा की शेवटी कात्री कानाला लागली. भळाभळा रक्त आलं. तरुण म्हणाला, "असू दे. माफ केलं." गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकून मोठ्या झालेल्या मुलीला हे नवीन होतं. "मी त्यांचा कान कापला आणि त्यांनी माझ्या गळ्यात मिशन बांधलं," असं त्या पुढे सांगायच्या.

देव आहे, याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका होती ती त्याच्या माणसं निवडण्याच्या पद्धतीबद्दल. नवरा लाखात एक सज्जन, पण खिळा ठोकायला दिला तर आधी बोट ठोकून घेणार. अशा माणसाला देवाने घर सोडायला लावून इतक्या लांबच्या, हाडं गोठवणाऱ्या गावी पाठवलं. तिथे त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. सोबत बायको, एक मुलगी, आणि आहेर म्हणून सासूबाई.

घर चिंचोळं होतं. पुढची मोठी खोली म्हणजे चर्च, त्याच्या मागे स्वयंपाकघर, आणि वर झोपायच्या खोल्या. स्वयंपाकघरात जायचं तर चर्चमधूनच जावं लागे. गुरुवारी कात्रीबाई स्वयंपाकघरात खुर्ची मांडून गावाचे केस कापायच्या. रविवारी पुढच्या खोलीत जेवढी माणसं यायची, त्याच्या तिप्पट गुरुवारी मागच्या खोलीत असायची.

"लोक माझ्याकडे येत नाहीत, तुझ्याकडे येतात," पाद्रीसाहेब कधीतरी उसासा टाकून म्हणायचे.

"अहो, माझ्याकडून जाताना डोकं हलकं झाल्याचं आरशात दिसतं तरी," त्या म्हणायच्या.

नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर रविवारी हिरव्या पानांच्या कड्यातली एकेक मेणबत्ती पेटवायची आणि प्रभूच्या येण्याची वाट पाहायची. या वाट पाहण्यावर सासूबाईंचा पहारा असे. त्या स्वतः एका पाद्र्याची विधवा, त्यामुळे देवाच्या घरच्या रीती आपल्यालाच ठाऊक, असा त्यांचा खाक्या. आगमनकाळात गोड खायचं नाही, नाताळची गाणी गुणगुणायची नाहीत, हसायचं तर तोंड मिटून. त्या वर्षी लेकीला कुणीतरी एक कॅलेंडर दिलं होतं, रोज एक खिडकी उघडायची आणि आतलं चॉकलेट खायचं. चारपाच दिवस बरे गेले. मग एका सकाळी खिडकी रिकामी निघाली. पुढची उघडली, तीही रिकामी. कुणीतरी मागचा पुठ्ठा उचकटून सगळी चॉकलेटं फस्त केली होती आणि पुठ्ठा गोंदाने परत जागच्या जागी चिकटवला होता. जेवणाआधी सासूबाईंनी चोराच्या आत्म्यासाठी लांबलचक प्रार्थना केली. चोराची साखर फार वाढू नये, एवढीच भर कात्रीबाईंनी मनातल्या मनात घातली.

आता स्वेटरांचं सांगायला हवं. या मिशनचा गाडा दूरच्या शहरातली एक समिती ओढायची. समितीच्या अध्यक्षीणबाई दर हिवाळ्यात घरातल्या प्रत्येकासाठी स्वतः विणलेला स्वेटर पाठवायच्या. लोकर अशी, की अंगावर साळिंदर घेतल्यासारखं वाटावं. रंग शेवाळी, नाहीतर गाजरी, नाहीतर थेट कावीळ झाल्यासारखा. आणि गळा इतका आवळ, की डोकं आत गेलं तर बाहेर यायला मुहूर्त पाहावा लागे. आगमनकाळात ते स्वेटर घालून सगळ्यांनी ओळीने उभं राहायचं आणि फोटो समितीला पाठवायचा. फोटोतले चेहरे गरीब पण आनंदी हवेत, अशी समितीची अपेक्षा होती. गरिबी गळ्यामुळे आपोआप यायची. आनंद फोटोनंतर स्वेटर काढताना व्हायचा.

पण कात्रीबाईंच्या घरात काही वाया जात नसे. काविळी स्वेटरात मांजर व्यालं होतं. गाजरी स्वेटर फरशी पुसायला लावला होता, आणि पाणी इतकं छान शोषायचा की कात्रीबाईंनी विणणारीला मनापासून दुवा दिला होता. शेवाळी स्वेटर होता स्वयंपाकघरातल्या नळाच्या पाइपावर. तो पाइप बाहेरच्या भिंतीला लागून जायचा आणि दर थंडीत गोठायचा. बाईंनी त्याला स्वेटर घालून बाह्यांची घट्ट गाठ मारली, तेव्हापासून पाइप शहाण्यासारखा वागत होता.

तिसरी मेणबत्ती पेटली त्या आठवड्यात फोन आला. पाद्रीसाहेबांनी तो घेतला आणि खाली ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अध्यक्षीणबाई येतायत. नाताळ आपल्याबरोबर करणार म्हणतात."

"कुठे उतरणार?"

"आपल्याकडेच. आईच्या खोलीत."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. ती प्रार्थना नव्हती.

घरात धावपळ उडाली. पिल्लं खोक्यात गेली, फरशीचं फडकं उकळत्या पाण्यातून निघालं, पाइपाची गाठ सुटली. सगळे स्वेटर धुऊन, वाळवून, घड्या घालून कपाटात वरच दिसतील असे ठेवले. पाद्रीसाहेब दारात अवघडून उभे होते.

"हे खोटं वागणं नाही का गं होत?"

"मग वर्षातून एकदा फोटोपुरते घालतो ते काय होतं?"

त्यावर त्यांच्याकडे शास्त्रवचन नव्हतं. ते प्रवचन लिहायला निघून गेले.

अध्यक्षीणबाई आल्या त्या उंच, धिप्पाड, आणि दुकानातून घेतलेल्या मऊसूत कोटात. स्वतःच्या हातचं काही त्यांच्या अंगावर नव्हतं. कात्रीबाईंनी ते पाहताक्षणी टिपलं. त्या दिवसापासून घरातले सगळे सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वेटरात. लेकीच्या मानेवर लाल वळ उठले. मांजर कात्रीबाईंच्या पोटाला नाक लावून आपलं बाळंतपण शोधत फिरायचं. जेवणाच्या टेबलावर वेगळीच चढाओढ लागली. सासूबाईंनी प्रार्थना केली की पाहुणीबाई 'आमेन'च्या आधीच धागा उचलायच्या आणि आणखी लांब करायच्या. तिसऱ्या दिवशी सूपवर साय धरली.

"आपण आधी जेवून मग आभार मानले तर देवाला चालेल का?" लेकीने विचारलं. आजीने चमचा उचलला.

नाताळच्या आदल्या सकाळी कात्रीबाई केक भाजायच्या तयारीत होत्या. रात्रभर कडाक्याची थंडी पडली होती. उन्हं जरा वर आली, आणि भिंतीत कुणीतरी खोकल्यासारखा आवाज झाला. मग पाइप फुटला. पाण्याची धार सरळ समोरच्या टेबलावर. पीठ, साखर, अंडी, सगळ्यांचा एकच चिखल झाला. कात्रीबाई अंगातला स्वेटर ओढून काढायला गेल्या, तो अर्थात डोक्याशी अडकला, आणि तशाच आंधळ्या अवस्थेत त्यांनी दोन्ही हातांनी पाइप आवळून धरला. आरडाओरडा ऐकून पाद्रीसाहेब धावत आले. त्यांच्या मागे अध्यक्षीणबाई.

"असा कसा फुटला?" पाद्रीसाहेब म्हणाले. "स्वेटर घातल्यापासून तर कधी गोठलासुद्धा नव्हता."

कात्रीबाईंचं डोकं अजून लोकरीत होतं, त्यामुळे नवऱ्याकडे डोळे वटारता आले नाहीत.

"कुठला स्वेटर?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

पाद्रीसाहेबांना खोटं बोलता येत नसे. ते पाण्याकडे बघत राहिले. तेवढ्यात कात्रीबाईंचं डोकं बाहेर आलं. केसांतून पाणी गळत होतं, नाकाला पीठ लागलं होतं, आणि लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"शेवाळी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वीचा."

"त्याच्या बाह्या लांब झाल्या होत्या."

"पाइपाला बरोबर बसत होत्या."

"मग काढलास कशाला?"

"तुम्ही येणार म्हणून."

"आणि बाकीचे?"

कात्रीबाईंनी बाकीचेही सांगून टाकले. मांजर सांगितलं, फरशी सांगितली. अध्यक्षीणबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहून ऐकत होत्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्या वळल्या आणि जिना चढून खोलीत गेल्या. वर दार बंद झाल्याचा आवाज आला.

"संपलं," पाद्रीसाहेब म्हणाले.

कात्रीबाईंना आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. या गावात कुणी त्यांना बोलावलं नव्हतं हे खरं, पण परत जा असं कुणी सांगितलं असतं तर तो माणूस कोलमडला असता. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या कामाची टिंगल केली होती, पण ते काम थांबेल असं कधी मनात आणलं नव्हतं.

प्लंबर गुरुवारच्या गिऱ्हाइकांपैकी, म्हणून सणाच्या आदल्या दिवशीही आला. त्याने मुख्य कॉक बंद केला, पाइपाचा तुकडा बदलला, आणि सांगितलं, "उद्या सकाळी येऊन जोड बघतो. तोवर पाणी जपून वापरा." तो गेल्यावर कात्रीबाई फरशी पुसायला बसल्या, गाजरी स्वेटरानेच. आता लाज कुणाची धरायची?

जिन्यावर पावलं वाजली. अध्यक्षीणबाई आत आल्या, खुर्ची ओढली आणि पाठमोऱ्या बसल्या. अंबाडा सोडलेला होता. पांढरे केस पाठीवर पसरले होते.

"गावात सगळे म्हणतात तू केस चांगले कापतेस. काप."

कात्रीबाईंनी खांद्यांवर कापड टाकलं. कात्री चालू झाली. थोड्या वेळाने त्यांना राहवलं नाही.

"एक विचारू? गळे एवढे आवळ का असतात?"

"समितीच्या बैठकीत विणते मी," पाहुणीबाई म्हणाल्या. "बैठक दुपारभर चालते. हातात सुया आहेत म्हणून गप्प बसते, नाहीतर कुणाला तरी भोसकलं असतं. पाठ, बाह्या होतात तोवर ठीक असतं. गळ्याशी येते तेव्हा खजिनदार बोलायला उठलेला असतो."

कात्रीबाईंनी कात्री बाजूला ठेवली. हसताना कात्री हातात धरायची नाही, हे त्या एका कानावर शिकल्या होत्या.

"स्वेटर बरा झाला नाही हे विणणारीला कळतं गं," पाहुणीबाई पुढे म्हणाल्या. "माझे दोघे मुलगे ते मी बघत असताना घालतात आणि गल्लीच्या टोकाला काढतात. मी खिडकीतून बघते. वर गेले तेव्हा मला रागच आला होता. मग म्हटलं, निदान एका पाइपाला तरी ऊब मिळाली."

"मांजराला पण, मावशी," कात्रीबाई म्हणाल्या. 'अध्यक्षीणबाई' तोंडातून कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही. "चार पिल्लं झाली. दाखवू?"

पिल्लं पाहून झाली. मग दोघींनी मिळून, पाणी मोजकंच वापरत, दुसरा केक केला. तो मधोमध खचला. सासूबाई म्हणाल्या, आगमनकाळ संपायच्या आत भाजल्याचं हे फळ. पाहुणीबाई म्हणाल्या, भट्टीचं दार सारखं कोण उघडून बघत होतं? त्यावरून दोघी म्हाताऱ्या रात्री झोपेपर्यंत भांडल्या, आणि लेकीचं म्हणणं असं की आजी इतकी खुशीत तिने वर्षभरात पाहिली नव्हती.

नाताळच्या सकाळी उपासनेला नेहमीची माणसं होती. पाद्रीसाहेबांनी प्रवचन सुरू केलं, आणि दार उघडून प्लंबर आत आला. त्याला जायचं होतं स्वयंपाकघरात, पण वाटेत अख्खी उपासना बसलेली. तो टोपी काढून मागच्या बाकावर टेकला. पाद्रीसाहेबांनी पाहिलं. नेहमीच्या माणसांखेरीज गावातलं कुणी आपल्या पायांनी नाताळला आलेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या अंगात बळ संचारलं. प्रभूजन्माची बातमी सगळ्यांत आधी रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना कळली, तिथून सुरुवात करून ते पार जगाच्या अंतापर्यंत गेले आणि परत आले. प्लंबर सभ्य माणूस. त्याने ऐकून घेतलं. शेवटी पाद्रीसाहेब हात पसरून म्हणाले, "तुमच्यापैकी कुणाला काही सांगायचं असेल, तर संकोच करू नका."

प्लंबर उभा राहिला. "साहेब, जोड बघून घेऊ का? घरी जेवायला थांबलेत."

मावशींनी रुमाल तोंडात कोंबला. लेक बाकाखाली गेली. पाद्रीसाहेबांचे हात तसेच पसरलेले राहिले. कात्रीबाईंनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, आणि त्यांना हसू आलं नाही. त्या उठल्या, प्लंबरला आत घेऊन गेल्या, जोड दाखवला आणि हळूच म्हणाल्या, "जाताना ह्यांना सांगून जा हं, बरं बोललात म्हणून."

"ते बरंच बोलले की," तो म्हणाला. "मेंढपाळांचं पटलं. रात्रपाळीच्या माणसांना कुणी आधी सांगत नाही कधी."

हे वाक्य त्याने जाताना पाद्रीसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. पाद्रीसाहेब ते पुढे कित्येक दिवस घोळवत होते.

मावशी नव्या वर्षापर्यंत राहून गेल्या. पुढच्याच बैठकीत त्यांनी अध्यक्षपद सोडलं आणि ते खजिनदाराकडे गेलं. त्याने स्वेटर बंद केले. मिशन मात्र चालू राहिलं. प्लंबर उपासनेला पुन्हा कधी आला नाही. पण काही वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा ते पाद्रीसाहेबांनीच लावावं, असा त्याने हट्ट धरला. नवरीचे केस अर्थातच कात्रीबाईंनी केले.

त्या दिवशी पुढच्या खोलीत माणसं मावेनात. पाद्रीसाहेबांनी लिहून आणलेले कागद हातात धरले, समोर पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "या, बसा. जागा आहे."

जागा तशी नव्हती. कात्रीबाईंनी स्वयंपाकघराचं दार उघडून दिलं, खुर्ची भिंतीला सरकवली, आणि मागची माणसं तिथे जाऊन उभी राहिली.