टॉवरखाली वाळत घातलेली चादर

परदेशातल्या शांतिसेनेत माझी बदली झाली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. एका राजधानीच्या कडेला आमच्या बटालियनची छावणी होती आणि तिचं मुख्य गेट माझ्या प्लाटूनकडे होतं. देशाचं नाव लिहीत नाही. अशा देशांची नावं वेगळी असतात, कारभार एकच असतो.

राष्ट्राध्यक्ष एकवीस वर्षं खुर्चीत होते. आणखी सात वर्षं बसता यावं म्हणून त्यांनी राज्यघटना दुरुस्त करून घेतली होती. प्रत्येक चौकात त्यांचा दोन मजली हसरा फोटो होता. इतर देशांचे अधिकारी तो बघून चकित व्हायचे. मी बदलापूरजवळच्या गावचा, राहायला अंबरनाथला. मला त्याचं काय नवल?

गेट गार्डचा कमांडर नाईक प्रदीप गायकवाड होता, उल्हासनगर कॅम्प पाचचा. भरतीआधी तो कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात बटणं ठोकायचा. शेठकडून उचललेली सिंधी त्याने सैन्यातही सोडली नाही. तिथल्या बाजारात तो केळीवालीलाही "साईं" म्हणायचा आणि सिंधीतच भाव करायचा. तिला एक अक्षर कळायचं नाही, भाव मात्र उतरायचा. पहिल्या गस्तीला पुलावर गाडी थांबली तेव्हा तो बराच वेळ खाली बघत राहिला. काय झालं म्हणून मी विचारलं.

"साहेब, नदीला रंगच नाही."

जीन्स धुतलेलं पाणी घेऊन वाहणारी वालधुनी ज्याने पाहिली आहे, त्यालाच हे कळेल. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. ड्रायव्हर राजस्थानचा होता. तो आमच्याकडे काळजीने बघत होता. आजही शेअर रिक्षा वालधुनीवरून जाते तेव्हा मी शेजारच्या सीटकडे बघतो. तिथे कोणीतरी बसलेलं असतंच. पण त्याला काय सांगणार?

मार्चमध्ये मोर्चे सुरू झाले. आधी विद्यार्थी, मग नर्सेस, मग बाजारातल्या बायका. सगळे पांढरे कपडे घालायचे. जो आपल्या घरात लपायला जागा देणार, तो दाराला पांढरं कापड बांधायचा. हे साऱ्या शहराला माहीत होतं आणि आम्हालाही ब्रीफिंगमध्ये सांगितलं होतं. राष्ट्राध्यक्षांचं खास रक्षक दल लाल बेरे टोप्या घालायचं. पांढरं दिसलं की आधी काठी, मग गोळी. आम्हाला हुकूम होता: बघा, वेळ लिहा, रिपोर्ट करा. नागरिकाच्या जिवाला थेट धोका असेल तर वाचवा; मात्र छावणीत आत घ्यायचं तर सेक्टर हेडक्वार्टरची परवानगी लागेल. "थेट" म्हणजे किती मीटरवरून, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वैशाख पौर्णिमा आली. प्लाटूनमध्ये सहा बौद्ध जवान होते. प्रदीपने आदल्या दिवशी परवानगी मागितली होती. सकाळी साडेसहाला लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, मागे टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर, चादरीवर त्याच्या आईने दिलेली वीतभर बुद्धमूर्ती. सहाही जण पांढऱ्या शर्टात. त्रिशरण आणि पंचशील झालं. मी मागे उभा होतो. मग खीर वाटली, आणि ती थोडी चादरीवर सांडली. चादर क्वार्टरमास्टरची, म्हणजे जशी घेतली तशी परत करायची. प्रदीपने ती धुतली, शर्टही धुतले. कपड्यांची दोरी न्हाणीघरामागे आंब्याच्या दाट सावलीत होती. तिथे कपडा दोन दिवस ओला राहायचा. टॉवरखाली ऊन आहे, तिथे टाकू का, असं त्याने विचारलं. टाक, असं मी म्हटलं.

सहा शर्ट आणि एक डबल चादर. गेटच्या डाव्या हाताला, रस्त्याकडे तोंड करून.

ब्रीफिंग आम्ही दोघांनी ऐकलं होतं. पण पौर्णिमेचं पांढरं हे पौर्णिमेचं पांढरं असतं. घरच्या सणाकडे माणूस घरच्याच नजरेने बघतो.

दहा वीसला बाजाराकडून फायरिंग ऐकू आलं. दहा पस्तीसला टॉवरवरचा संत्री म्हणाला, भीड़ येतेय, सीधी आपल्याकडे. दहा चाळीसला गेटसमोर दोनशेच्या आसपास माणसं होती, कडेवर मुलं घेतलेल्या बायकाही. त्यांनी गेट हलवलं नाही, दगड मारला नाही. ती रस्त्यावर बसली आणि चादरीकडे बोट दाखवू लागली. आमचा दुभाष्या तिथल्याच शाळेत मास्तर होता. काय म्हणताहेत, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ते आभार मानताहेत, आणि गेट अजून बंद का, असं विचारताहेत.

मी वायरलेस सेट उचलला.

"कंट्रोल, गेट वन. दो सौ सिविलियन, बच्चे भी हैं. रेड बेरे तीन सौ मीटर पर. गेट खोलने की परमिशन. ओव्हर."

"गेट वन, वेट. आउट."

दहा चव्वेचाळीसला पुन्हा विचारलं. पुन्हा वेट. दहा एकोणपन्नासला लाल बेरेवाले टायरच्या दुकानापाशी एका ओळीत उभे राहिले. मागे दोन गाड्या होत्या. गेटची चावी प्रदीपच्या खिशात होती. तो माझ्याकडे आला. गेटवर तो मराठी बोलायचा नाही, तेव्हा बोलला.

"साहेब, ही आपल्या चादरीच्या भरवशावर आलीत."

"परवानगी आलेली नाही."

"बोलावताना कुठे घेतली होती?"

मी घड्याळ बघितलं. दहा एक्कावन्न.

"खोल."

माणसं धक्काबुक्की न करता आत आली. मी अंबरनाथला महाशिवरात्रीची रांग पाहिलेली आहे. ती याहून बेशिस्त असते. दहा छप्पनला लाल बेरेवाले चालू लागले, मग पळू लागले. आम्ही गेटचं एक दार लोटलं. रस्त्यात चाळीसेक पावलांवर एक म्हातारी बसून राहिली होती. तिचा गुडघा गेला होता. प्रदीपने चावी संत्रीच्या हातात दिली आणि तो बाहेर गेला. मी त्याला पाठवलं नाही. मी त्याला थांबवलंही नाही.

तिला दोन्ही हातांवर उचलून तो परत निघाला. गेट दहा पावलांवर असताना एक गोळी आली, हेल्मेटच्या खाली, मानेत. तो आधी गुडघ्यांवर बसला, त्यामुळे म्हातारी आपटली नाही, घसरून खाली टेकली. दोन जवानांनी दोघांना आत ओढलं. आमच्या रायफली कॉक झाल्याचा आवाज झाला आणि लाल बेरेवाले थांबले. त्यानंतर गोळी चालली नाही.

अकरा वीसला डॉक्टरांनी वेळ लिहिली.

अकरा एकतीसला सेट बोलला. "गेट वन, परमिशन ग्रांटेड. गेट खोल सकते हो."

मी "रॉजर" म्हणालो. तिथे तोच शब्द असतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीतले तिन्ही अधिकारी सज्जन होते. कपडे नेहमीच्या धुलाईचे होते, एवढंच ते लिहीत होते. वाळत घालायची जागा मी मंजूर केली, हेही लिहा, असं मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. पुढे मला एक नाराजीचं पत्र आणि एक प्रशस्तिपत्र आलं, एकाच टपालात. राष्ट्राध्यक्ष दोन महिन्यांनी विमानात बसून पळाले. नव्यांचे फोटोही लागलेत म्हणे, पण एकमजली.

कॅम्प पाचमध्ये एका चौकाला प्रदीपचं नाव दिलं. भाषण करणाऱ्याने त्याला सीमेवर लढवलं. कुठली सीमा, असं प्रदीपच्या आईने माझ्या कानाशी येऊन विचारलं. मी म्हटलं, सीमा नव्हती, गेट होतं. "मग गेट म्हणा की त्यांना," ती म्हणाली. पण माइक माझ्यापर्यंत आला नाही.

दर वैशाख पौर्णिमेला मी तिच्याकडे जातो. पहिल्याच वर्षी चादरीचं सगळं सांगितलं, जागा मी दिली हेही. ती उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली आणि तिने एकच विचारलं, ती म्हातारी जगली का? जगली, असं मी म्हटलं. ती माणसं नऊ दिवस आमच्याकडे होती. म्हातारी नऊही दिवस प्रदीपच्या खाटेपाशी बसायची आणि त्याचा बिस्तरा कोणाला गुंडाळू द्यायची नाही. आई दर वर्षी हे विचारते आणि मी दर वर्षी तेच सांगतो. ऐकताना ती मान हलवत असते, आणि तेवढा वेळ प्रदीप आमच्यात बसलेला असतो.

गेल्या वर्षी तिने म्हातारीचं नाव विचारलं. मला ते माहीत नव्हतं, याची लाज वाटली. मी दुभाष्या मास्तरला मेल केला. चार महिन्यांनी उत्तर आलं. नाव सेलेस्तीन. अजून आहे, काठी घेऊन चालते. तिनेही एक विचारलं होतं: त्या शिपायाच्या आईचं नाव काय?

या पौर्णिमेला मी ते वाचून दाखवलं. आईने सेलेस्तीन हे नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं, प्रत्येक वेळी वेगळं. मग पदर सारखा करून बसली.

"लिहा सुभेदार. सुमन. आणि पुढं लिहा, प्रदीपची आई. नाहीतर तिला कळायचं कसं, कोणाची ते."

मी तसंच लिहिलं.