येळवसचं बोलावणं

अर्पिता कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची. काळीपिवळी असो, दुसऱ्याची मोटारसायकल असो. टायर पायाने दाबून बघायची. कुठे धूर दिसला की थांबायची, तो कुठल्या बाजूला झुकतोय ते बघायची. भाकरी कडेने खायची, पापुद्रा शेवटी. बुटाच्या नाडीला दोन गाठी. कुणाच्याही घरून निघताना दारात थांबून विचारायची, "काही राहिलं का?"

पेपरात यातलं काही आलं नाही. पेपरात एवढंच आलं, की विमानाचं शिक्षण घेणारी तरुणी अपघातात गेली.

ती सोनपेठची. वडील सिद्धोधन काका शाळेत शिक्षक, आई मनकर्णा काकू अंगणवाडीत. आम्ही दोघी पहिलीपासून एका बाकावर. मी परभणीला मराठीत एम. ए. केलं, ती शेजारच्या जिल्ह्यात विमान शिकायला गेली. बाजारात लोक काकांना छेडायचे.

"गुरुजी, पोरगी यष्टी चालवायलीय म्हणं?"

"न्हाई," काका म्हणायचे, "जरा वरून जाती."

दिवाळीत ती आली तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तिने मला एक नियम सांगितला. विमान उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर धावपट्टीकडे मागे वळायचं नाही. वळण्याइतकी उंची नसते. समोर जे मोकळं दिसेल त्यात उतरायचं.

"समोर म्हशी असल्या तर?"

"तुमच्या असल्या तर उतरते. त्यांना माझी सवय हाय."

"अन् माणसं असली तर?"

"माणसं बाजूला होतेत की, येडे."

वेळ अमावस्येला, म्हणजे येळवसला, आमच्याकडे घरी कुणी जेवत नाही. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, घालतात. मिसळ भाज्यांची भज्जी, भाकरी, आंबिलीचा माठ घेऊन सगळं घर तिथे बसतं. वाटेने जाणारा कुणीही असो, हाक मारून त्याला जेवायला बसवायचं. न बोलावता कुणाला जाऊ देत नाहीत. अर्पिता दर वर्षी आमच्या रानात यायची. या वेळी तिला सुट्टी नव्हती. येळवसच्या सकाळी तिने फोन केला. "आंबील ठेव माझ्यासाठी. सगळा माठ पिऊ नका."

दुपारी ती एकटी उडाली. विमान थोडंच वर गेलं आणि इंजिनाची ताकद गेली. का गेली, ते अजून तपासात आहे. उडण्याआधी तिने फेरी मारली असणार, एवढं मला माहीत आहे.

समोर ज्वारी होती, तूर होती. मध्ये हरभऱ्याचं एकच सपाट रान. ते सरजाबाईंचं. मी नंतर त्यांना भेटायला गेले. म्हाताऱ्या आहेत. मी कोण ते कळल्यावर बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

"इमानं तर रोजच जातेत," त्या म्हणाल्या. "पर हे लय खाली आलं. आवाज बी न्हाई. आमाला वाटलं, येळवस हाय, कुणीतरी भेटायलाच आलंय. सगळे कोपीतून उठले. लेकरं हरभऱ्यात पळाली. मी पदर हलवला. म्हणलं, ये माय, ये जेवायला."

त्यांनी तळहात आडवा धरून दाखवलं.

"नाक आमच्याकडंच होतं. मग एक पंख कलला. वळली. आमाला वाटलं, लाजली."

ती वळली त्या बाजूला ओढा आहे. ओढ्याला बाभळी.

"आमी बलावलं नसतं, तर उतरली असती का गं?"

कोप रानाच्या ऐन मध्ये होती. वरून कोप म्हणजे नुसता कडब्याचा ढीग दिसतो. मी म्हणाले, "उतरली असती. तुमच्या कोपीवर. तुम्ही उठलात म्हणून तिला माणसं दिसली."

त्या उठल्या, ताट वाढून आणलं. "तिच्या वाटचं हाय," म्हणाल्या. "खा." मी खाल्लं. भाकरी कडेने खाल्ली.

दिवाळीच्या सुट्टीत अर्पिता आईला, मनकर्णा काकूंना, स्कूटी शिकवत होती. बाजार नसलेल्या दिवशी, बाजारतळावर. चालवणं झालं, ब्रेक झाला. वळणं राहिलं. "येळवस झाली की येते, मग वळायचं घेऊ," म्हणाली होती. मी शिकवते म्हटलं तर काकू म्हणाल्या, "राहू दे बाई."

परवा मी त्यांना पाहिलं. अंगणवाडीला निघाल्या होत्या. आधी स्कूटीभोवती एक फेरी मारली. मग सरळ गेल्या. कोपऱ्यावर थांबल्या, खाली उतरल्या, हँडल धरून गाडी हाताने वळवली, आणि परत बसल्या.